साक्षीच्या डोक्यावरचं गवत

माझी बोटं मातीत दोन पेरं आत गेली, पण मुळं लागली नाहीत. मी आणखी दाबली. नखांत चिकण माती भरली, तरी मूळ म्हणून एक लागेना. वर तळ्याच्या काठावर शंभर-दीडशे माणसं वाकून बघत होती. खाली खड्ड्यात रोजगार हमीचे इंजिनिअर साहेब, त्यांचा वहीवाला कारकून, भगवानराव, माझा नवरा आणि माझा भाऊ. भाऊ जिल्हा परिषदेचा मेंबर होता आणि त्याला आमदारकीचं तिकीट मिळायचं घाटत होतं. आमची गाढवं तेवढी वरच्या अंगाला ओरडत होती. भगवानराव धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "काय आक्का, लागलं का काय हाताला? का कोपरापतूर घालायचा हाय?" वरची माणसं हसली. मी हात बाहेर काढला नाही. हात बाहेर काढला की बोलावं लागणार होतं.

ज्यानं कधी माती खणली नाही त्याला यात एवढं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. तळं खणताना सगळी माती काढत नाहीत. मधेमधे मातीचा एकेक खांब न खणता तसाच सोडतात. खड्डा खोल जातो तसा तो खांब उंच दिसायला लागतो. त्याच्या डोक्यावर जुनी जमीन असते, गवतासकट. साहेब येतो, खांबाच्या डोक्यापासून पायापर्यंत टेप धरतो, तेवढं काम झालं असं लिहितो. त्या खांबाला आमच्यात साक्ष म्हणतात. आता साक्ष पण खोटं बोलू शकते. लबाड मुकादम तिच्या डोक्यावर वीतभर माती थापतो, म्हणजे वीतभर काम न करता कागदावर चढतं. म्हणून जाणता माणूस टेप धरायच्या आधी साक्षीच्या डोक्यात बोटं घालतो. गवताची मुळं लागली तर साक्ष खरी. नुसती माती हाताला आली तर कुणीतरी चढवलेली. हे मला बापानं शिकवलं, मी माझ्या भावाला शिकवलं, आणि भाऊ त्यावर मेंबर झाला.

आम्ही इथले नाही. बाप पालमूरकडचा, तेलंगणातला. कालव्यांच्या, धरणांच्या, विहिरींच्या कामामागं फिरत फिरत तो या भागात आला आणि कोऱ्हाळ्याच्या शिवेवर कालव्याच्या भरावाखाली आमचं पाल पडलं ते उठलंच नाही. पालाचं छप्पर झालं, छपराचं पत्र्याचं घर झालं. घरात आमची बोली, बाहेर मराठी. बापाला आम्ही नाना म्हणायचो, आईला अम्मा. सकाळी जाग यायची ती टिकाव दगडावर घासून धार लावायच्या आवाजानं. खायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची आंबट भाजी, नाहीतर चिंचेचं पाणी फोडणी देऊन. अंबाडी इथले लोकही खातात, पण आमची जास्त आंबट, जास्त तिखट, आणि तिचा वास कालव्यापलीकडे जायचा. "तेलंग्यांच्यात आज काय शिजलंय?" असं रस्त्यानं जाणारा नाक उडवून विचारायचा. गावात कुणाची कोंबडी हरवली की पहिला माणूस आमच्याकडं यायचा. तो काही बोलायच्या आत अम्मा चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढायची. "बघा बाबा, अंबाडी हाय." तो बघायचा. बघून जायचा. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. लोक आपल्या भांड्यात डोकावतात तर आपणही त्यांच्या मनात डोकावून बघावं, ही सवय मला तिथं लागली. ती अजून गेलेली नाही. सून म्हणते, आत्या, तुम्ही दूधवाल्याकडंसुद्धा चोरासारखं बघता. बघते. दुधात पाणी असतंच.

मी चौथीपर्यंत शिकले. त्यातली दोन वर्षं धाकट्या भावाला काखेत घेऊन दाराशी बसले, कारण अम्मा पाट्या टाकायला जायची. त्याचं नाव मल्लेश. त्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी नाव दोनदा विचारलं, म्हणाले, "हे कसलं नाव?" आणि मल्हारी असं लिहिलं. आम्हाला बरं वाटलं. वाटलं, चला, एक तरी माणूस इथला झाला. पुढं निवडणुकीत त्याच्या विरोधात पत्रक निघालं त्यात पहिलीच ओळ होती, 'उमेदवाराचं खरं नाव काय?' गुरुजी तोवर वारले होते.

मला शाळेतून काढलं, त्याला ठेवलं. तो बारामतीला हायस्कूलला गेला, कॉलेजला गेला, वालचंदनगरला नोकरीला लागला. तिथं एका क्वार्टरमध्ये दर रविवारी चार माणसं जमून पुस्तकं वाचायची, त्यांच्यात हा बसायला लागला. घरी यायचा तेव्हा तोंडात नवे शब्द असायचे. समता, हक्क, शोषण. बापानं एकदा विचारलं, "हे सगळं करून खायला काय मिळतं?" तो म्हणाला, "नाना, मान मिळतो." बाप म्हणाला, "मग ठीक. ते आपल्याकडं नाही."

नोकरी सोडून तो रोजगार हमीच्या कामांवर फिरायला लागला. मोटारसायकल, खांद्याला शबनम पिशवी. कामावर पोचला की आधी साक्षीकडं जायचा, बाह्या वर सारायचा आणि बोटं घालायचा. मुळं लागली नाहीत की सगळ्या मजुरांसमोर मुकादमाला उभं करायचा. इंदापूर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात त्याला बोटं घालणारा मल्हारी म्हणायला लागले. बायकांची हजेरी नवऱ्याच्या नावावर लागायची, ती त्यानं बायकांच्या नावावर लावायला लावली. कामावर पाळणे टांगायला लावले. माझं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लागलं ते त्याच्यामुळं. हे मी नाकारत नाही. त्याच दिवशी आमच्या पालावर तो जेवायला बसला, बायकांच्या हक्काबद्दल बोलत होता, आणि घागर त्याच्या हाताशी असताना मला म्हणाला, "अक्का, पाणी." हेही मी नाकारत नाही. माणूस एका बाजूनं खरा असतो. सगळ्या बाजूंनी खरा मी तरी कुणी पाहिला नाही.

मेंबर झाल्यावर त्यानं एक गोष्ट जाहीर केली. सरकारी कामावर देव नको, कोंबडं नको, बोकड नको. इंदापूरला सभा झाली, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. आता आमच्यात रीत अशी की तळं कमरेइतकं खोल गेलं की एका साक्षीला मैसम्मा करायची. कट्टा मैसम्मा. कट्टा म्हणजे बांध. बांध धरून ठेवणारी ती देवी. तिचं केल्याशिवाय आमच्या बायका पुढं खोल उतरत नाहीत. मल्हारीच्या शब्दाखातर आदल्या वर्षीच्या कामावर आम्ही ते केलं नाही. तिथं भराव खचला आणि आमच्यातली रामुलम्मा मातीखाली गेली. दोन तासांनी काढली. जिवंत निघाली, पण पुन्हा कधी बोलली नाही. देवीमुळं झालं असं मी म्हणत नाही. भराव उभा तासला होता, तो खचणारच होता. पण इंदापूरच्या माळावर या नव्या तळ्याचं काम कमरेइतकं आलं आणि बायका पाट्या पालथ्या घालून काठावर बसल्या.

"तू मेंबरची बहीण," एक म्हणाली. "तुझं चालतं. आमची पोरं हायत."

"माझी काय दगडं हायत व्हय?" मी म्हणाले.

काम बंद पडलं असतं तर नवऱ्यावर आलं असतं, कारण या कामावर मुकादम तोच होता. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, त्याचं आयुष्य कमी होतं. मेलेल्या माणसाचं काय कमी होणार. सायलू. सायलू म्हणाला, "तुझ्या भावाला कळलं तर?" मी म्हणाले, "तो दर मंगळवारी पंचायतीत असतो."

एस.टी. थांब्याजवळ रशीदभाईचं दुकान होतं. चहा, किराणा, गोडेतेल, सगळं. मल्हारीच्या पहिल्या निवडणुकीत दुकानाच्या फळीवर उभं राहून भाषण करू देणारा तोच. मी त्याच्याकडं हळद, कुंकू, लिंबं आणि नारळ मागितला. त्यानं पुड्या बांधल्या आणि मिशीत हसला. "आक्का, एवढी हळद? कुणाचं लगीन काढलंया?"

"तुझं," मी म्हणाले.

"करा बाबा. पहिलीला इचारून या फकस्त."

मंगळवारी उन्हं वर यायच्या आत आम्ही केलं. खाली उतरायला मी काठापासून पाच पायऱ्या पाडल्या, कारण बायकांच्या डोक्यावर भाताचे घट होते. मधली एक साक्ष धरली. तिच्या डोक्यावरचं गवत विळ्यानं छाटलं, वर कडुलिंबाची डहाळी, हळदीचे तांदूळ आणि एक नाणं ठेवलं, आणि शेण-मातीनं चार-पाच बोटं जाड लिंपून तिला डोकं दिलं. कुंकवाचे डोळे काढले. कोंबडं कापलं. रामुलम्मा पण आली होती. ती काठावर उभी राहून बघत होती. मग बायका उतरल्या आणि दुपारपर्यंत रोजच्या दीडपट माती निघाली. कुंकू दोन दिवसांत उन्हानं उडालं. लिंपण वाळून मातीसारखीच माती दिसायला लागली. मी विसरले. खरंच विसरले. कामात माणूस देवालाही विसरतो.

महिन्याभरात तक्रार गेली. मेंबरच्या दाजीच्या कामावर साक्षींवर माती चढवली आहे. त्याच आठवड्यात मुंबईहून पक्षाचे दोन पुढारी तिकिटाचं चाचपायला यायचे होते. योगायोगावर माझा विश्वास नाही. तक्रारीवर सही कुण्या भलत्याच मजुराची होती, पण पाहणीच्या दिवशी साहेबांच्या जीपमधून भगवानराव उतरले. भगवानराव म्हणजे तालुक्यातले बागायतदार, साठ-सत्तर एकर ऊस. त्यांच्या मुलाला तेच तिकीट पाहिजे होतं. मल्हारी समोर गेला, म्हणाला, "कुठलीही साक्ष बघा साहेब. सात आहेत." अंगात कडक इस्त्रीचा झब्बा होता. त्याला खात्री होती, आणि मला पण होती, कारण माझा नवरा तापट होता, पण मातीत लबाडी करणारा नव्हता.

साहेब पायऱ्यांनी खाली उतरले, इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही, बाकीच्या सहा साक्षी सोडून थेट त्या मधल्या साक्षीपाशी जाऊन उभे राहिले. कुणीतरी सांगितलं. कुणी? मी त्याच क्षणी एकेक तोंड बघायला लागले. बायका खाली मान घालून. सायलू ओठ आवळून. वर काठावर रामुलम्मा, आणि तिच्याशेजारी रशीदभाई चहाची किटली घेऊन. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. हळद ज्यानं बांधून दिली त्याला सगळं माहीत होतं.

मल्हारी बाह्या सारून पुढं झाला, तर भगवानराव म्हणाले, "थांबा मेंबर. तुमी सगळ्या मुलखात बोटं घालता. आज तुमच्या बहिणीनं घालावीत. बाई खोटं बोलत न्हाय म्हणत्यात." त्यांनी सायलूकडून टिकावाचा एक घाव घालून घेतला, वरचं ढेकूळ सैल झालं, आणि मी बोटं घातली. ते वर लिहिलंच आहे.

तेव्हा मल्हारी माझ्याजवळ वाकला. आमच्या बोलीत, ओठ न हलवल्यासारखं करून बोलला. मराठीत लिहिते. "अक्का, देवीचं बोलू नकोस. दाजींनी चढवली म्हण. मी मागनं सोडवतो."

मला आधी हे कळलं की याला देवीचं माहीत होतं. पहिल्यापासून. 'कुठलीही बघा' म्हणताना पण. एवढंच, की कुठल्या साक्षीत ती बसवली ते याला ठाऊक नव्हतं. मग दुसरं कळलं. सायलू माझ्यापासून चार हातांवर उभा होता आणि तो आमची बोली आईच्या दुधाबरोबर शिकलेला होता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, तोंड पुसलं, परत बांधलं.

"ओ मेंबर," भगवानराव म्हणाले, "मराठीत बोला की. आमाला बी कळू द्या. मतं मराठीत मागता न्हवं?"

वर लोक कुजबुजले. त्यांना वाटलं, भावानं बहिणीला खोटं बोलायला शिकवलं. बरोबरच वाटलं. फक्त कुठलं खोटं ते त्यांना कळलं नाही.

मी हात बाहेर काढला. म्हणाले, "मुळं न्हाईत."

भगवानरावांनी कारकुनाकडं बोट केलं. "लिव्ह."

"लिव्ह," मी म्हणाले, "आनि पुढचं बी लिव्ह. माती आमी चढवली. मी आनि बायकांनी. नवऱ्यानं न्हाय. ही आमची देवी हाय. तळं खचू नये म्हणून आमी एका साक्षीला देवी करतो. भावानं नको म्हणून सांगितलं हुतं, तरी केली. खाली उकरा. लिंबाची डहाळी निघंल, नाणं निघंल, आनि त्याच्याखाली मुळं निघतील. बाकीच्या सहा साक्षी बघा. एकीवर चिमूटभर चढवली आसंल तर मला हितंच गाडा."

साहेब हसले. भगवानराव हसले नाहीत. म्हणाले, "बहीण भावासाठी काय बी बोलंल. उकरायचं तर तुमच्यातल्या कुणी न्हाय उकरायचं."

"मग मी उकरतो की," वरून आवाज आला. सोमा आबा धनगर. म्हातारा माणूस, त्याची मेंढरं त्या माळावर तळं व्हायच्या आधीपासून चरायची, आणि भगवानरावांच्या उसाच्या रानात खतासाठी बसायची. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. काठी टेकत पायऱ्या उतरून आला, काठीच्या लोखंडी टोकानं लिंपण उचकटलं. वाळलेली डहाळी आली. पिवळे तांदूळ आले, किडे लागलेले. नाणं आलं. मग त्यानं काठी काखेत मारली, दोन बोटं घातली आणि मुळांची एक झुरमुळी ओढून काढली, नाकाला लावली.

"कुसळी हाय," तो म्हणाला. "माझ्याच मेंढरांनी वरपलेली. ही जिमीन जुनी हाय." मग त्यानं ते नाणं पुसून परत साक्षीच्या डोक्यावर ठेवलं आणि हात जोडले. "देवीला कशाला तरास दिला रं भगवाना? बांध फुटला मंजी?"

बाकीच्या सहा साक्षी साहेबांनी बघितल्या. सगळ्यांत मुळं होती. कारकुनानं लिहिलं, चोरी नाही. पण तोवर काठावरून हसण्याची लाट पसरली होती. दोन दिवसांनी पेपरात आलं की देवाला बंदी करणाऱ्या मेंबरच्या तळ्यात बहिणीनं कोंबडं कापलं. मुंबईचे पुढारी आले, चहा प्याले, आणि म्हणाले, पुढच्या वेळी बघू. तिकीट भगवानरावांच्या मुलाला पण मिळालं नाही. तिसऱ्यालाच मिळालं. असंच असतं.

त्या दिवशी दुपारी मी सायलूला भाकरी वाढली. अंबाडी होती. त्यानं दोन घास खाल्ले, मग म्हणाला, "तुझा भाऊ आमदार होणार."

"तिकीट गेलं त्याचं," मी म्हणाले.

"होणार. मला विकायला त्याला पळभरसुद्धा वेळ लागला नाही. त्या धंद्याला असाच माणूस लागतो."

सायलूनं पुढं मल्हारीच्या घरी पाणी घेतलं, बसायला गेला, लग्नकार्यात उभा राहिला. पण त्याच्या घरचं अन्न कधी तोंडात घातलं नाही. दरवेळी पोट बिघडलंय म्हणायचा. वीस वर्षं एका माणसाचं पोट एकाच घरात बिघडत होतं, आणि मल्हारीनं कधी का म्हणून विचारलं नाही. त्यालाही माहीत होतं.

सायलूचं म्हणणं खरं झालं. चारेक वर्षांनी पक्षानं मल्हारीला विधान परिषदेवर घेतलं. परमुलखातून आलेल्या मजुराचा मुलगा, असं भाषणात सांगायचे. जे पत्रकात शिवीसारखं छापलं होतं तेच आता हारासारखं गळ्यात घालत होते. तिथं तो चांगलं बोलला, हे सगळे सांगतात. दबून मेलेल्या मजुराच्या घरच्यांना काही मिळावं म्हणून भांडला, भराव उभा तासू नये म्हणून भांडला. रामुलम्माचं नाव त्यानं तिथं घेतलं, हे मला आवडलं. आणि नव्या तळ्याच्या उद्घाटनाला बोलावलं की जायचा आणि नारळ फोडायचा. माळावरच्या लोकांना पाहणीच्या दिवसापासूनच तो आपला वाटायला लागला होता. देवी असलेला माणूस परका कसा, असं ते म्हणायचे. एकदा मी त्याला विचारलं, "आता सरकारी कामावर देव चालतो व्हय रं?" तो म्हणाला, "अक्का, लोकांना बरोबर घेऊन जावं लागतं." मी म्हणाले, "दाजीला पण घेऊन जायचं होतं मग." त्यानं पेपर उघडला. बायकांची जागा निघाली तेव्हा मला उभं करायचं त्यानंच सुचवलं. मी म्हणाले, माझं तोंड त्या कामाचं नाही.

आता रशीदभाईचं. पाहणीच्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. मीठ संपलं तरी दोन मैल चालत दुसरीकडं गेले. बायकांना पण सांगितलं, त्याच्या कानात भगवानराव बोलतात. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. तो कुणाला काही बोलला नाही. सहा-सात वर्षांनी मी सायलूबरोबर दुसऱ्या एका कामावर होते आणि तिथं साहेब पाहणीला आले. काठावर उभे राहिले, बुटांकडं बघितलं, आणि जिकडं पायऱ्या पाडलेल्या होत्या तिकडून उतरले. उतरून समोर जी साक्ष आली ती मोजली. मी पाटी खाली ठेवली. त्या मंगळवारी पाच पायऱ्या मीच पाडल्या होत्या, बायकांचे घट सांडू नयेत म्हणून, थेट देवीच्या पायापर्यंत. बुटातला माणूस दुसरीकडून उतरणार कसा? कुणी सांगितलंच नव्हतं. आणि रशीदभाईनं नजर काढून घेतली ती, आता वाटतं, माझ्यासाठी भ्याला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. रशीदभाई पिकला होता, चष्मा लागला होता. मी म्हणाले, "पाव किलो गूळ दे."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "हळद संपली व्हय आक्का, इतक्या वर्सांनी?"

"गूळ म्हणाले मी."

त्यानं गूळ दिला. मी माफी मागितली नाही. मला येत नाही. पण मग तो मरेपर्यंत त्याच्याकडूनच घेतलं, महाग असलं तरी. संशय घेण्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. नको त्या दारात घेतला आणि हव्या त्या दारात घेतला नाही, एवढंच.

सोमा आबा त्या पाहणीनंतर दोन वर्षांनी गेला. भगवानराव गेले. रशीदभाई दुकानातच बसल्या जागी गेला. सायलू गेला तेव्हा मल्हारी खांदा द्यायला आला होता, आणि पुढच्याच वर्षी मल्हारी पुण्याच्या दवाखान्यात गेला. इंजिनिअर साहेब कुठल्या गावचे, आहेत की नाहीत, ठाऊक नाही. तळं आहे, पावसाळ्यात भरतं, बांध अजून धरून आहे. त्या दिवशी त्या साक्षीभोवती उभे होते त्यांच्यापैकी मला ठाऊक असलेली एकटी मी जिवंत आहे. आणि काठावरच्यांपैकी रामुलम्मा आहे. ती अजून बोलत नाही.